माहीत असणं आणि मांडता येणं

निघोजेत राहून चाकण पट्ट्याच्या बातम्या देणाऱ्या वार्ताहराच्या वाट्याला ठरलेले विषय येतात : पुणे-नाशिक रस्त्यावरचा अपघात, कंपनीच्या गेटवरचं आंदोलन, कंत्राटी कामगारांचे थकलेले पगार, ग्रामपंचायतीचा पाणीप्रश्न. लैंगिक अत्याचाराची बातमी बहुतेकदा पोलीस आयुक्तालयाच्या प्रेसनोटमधून येते आणि चार ओळींत संपते. प्रेसनोट नाही तर बातमी नाही, हा इथला अलिखित नियम.

तो मोडायची वेळ आली एका कलाकारामुळे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९मध्ये सुरू झाला, पाठोपाठ महिंद्रा आली, जमिनींना भाव आले, तसे गाण्याबजावण्यालाही आले. यात्रेचा ऑर्केस्ट्रा, नेत्याच्या वाढदिवसाचा डीजे, गणपतीतले कार्यक्रम, मुलांसाठी गाण्याचे क्लास. या पट्ट्यातल्या अशाच एका नावाजलेल्या माणसाविषयी त्याच्याकडे शिकलेल्या मुली माझ्याशी बोलल्या. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून कोण, कुठला, कधी हे इथे येणार नाही. काम करताना जे उमगलं तेवढंच लिहिते.

त्या काळात मी एका परक्या माणसाचं काम पुन्हा पुन्हा वाचत होते. जिम डेरोगॅटिस, ‘शिकागो सन-टाइम्स’चा संगीत समीक्षक. त्याने ज्याचा पाठपुरावा केला तो आर. केली, ‘आय बिलीव्ह आय कॅन फ्लाय’ गाणारा, ग्रॅमी विजेता गायक. पहिली बातमी डिसेंबर २०००ची. मुलींच्या लैंगिक शोषणाबद्दल केलीला तीस वर्षांची शिक्षा झाली जून २०२२मध्ये. मधल्या काळात काय काय घडलं हे समजून घेतलं, की आपल्या गावातल्याही बऱ्याच गोष्टी उलगडतात.

१. गुपित शोधायला जाऊ नका. ते गुपित नसतंच.

मी विचारपूस सुरू केली तेव्हा वाटलं होतं, काहीतरी झाकलेलं बाहेर काढायचं आहे. पण मंडपवाला, साउंडवाला, रिक्षावाला, क्लासच्या खालचा दुकानदार, सगळ्यांचं उत्तर एकच : “ताई, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे.” काही आया मुलीला क्लासला एकटी पाठवत नव्हत्या. का, विचारलं तर “असंच.”

केलीचंही असंच होतं. ऑगस्ट १९९४मध्ये त्याने गायिका आलियाशी लग्न केलं. तो २७ वर्षांचा, ती १५ची. दाखल्यावर तिचं वय १८ लिहिलेलं. पुढे ‘व्हाइब’ मासिकाने तो दाखलाच छापला. पुरावा स्टॉलवर विकत मिळत होता. लोकांनी तो वाचला आणि केलीच्या पुढच्या कॅसेटीही घेतल्या.

तेव्हापासून मी “तुम्हाला काय माहीत आहे?” एवढ्यावर थांबत नाही. पुढे तीन प्रश्न विचारते : तुम्हाला हे कोणी सांगितलं? कधी? त्यानंतर तुम्ही काय केलंत? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक माणसं गप्प होतात. काही मात्र तिथूनच खरं बोलायला लागतात.

२. निनावी चिठ्ठी फेकायची नाही आणि छापायचीही नाही.

नोव्हेंबर २०००मध्ये डेरोगॅटिसने केलीच्या नव्या अल्बमचं परीक्षण लिहिलं. त्यानंतर त्याच्याकडे एक निनावी फॅक्स आला : केलीचं दुखणं म्हणजे कोवळ्या मुली. नामवंतांबद्दल असे कागद वर्तमानपत्रांत येतच असतात आणि बहुतेक रद्दीत जातात. या फॅक्समध्ये मात्र तपासून पाहता येतील असे धागे होते. त्याने ते तपासायचं ठरवलं.

आमच्याकडे फॅक्सची जागा व्हॉट्सअॅपने घेतली आहे. अनोळखी नंबरवरून मजकूर आला की मी त्यातली वाक्यं दोन बाजूंना वेगळी लिहिते. “तो माणूस राक्षस आहे” हे एका बाजूला. त्याचं काही करता येत नाही. “अमक्या यात्रेच्या रात्री पार्टीची गाडी हायवेच्या लॉजवर थांबली होती” हे दुसऱ्या बाजूला. यात्रेला तारीख असते, गाडीला ड्रायव्हर असतो, लॉजला रजिस्टर असतं. दुसरी बाजू कोरीच राहिली तर ती चिठ्ठी फायलीत पडून राहते. राग खरा असेलही, पण नुसत्या रागावर बातमी उभी राहत नाही.

३. माणसांआधी कागद गाठा.

डेरोगॅटिसने सोबत घेतला तो न्यायालयाची बातमीदारी करणारा अब्डन पॅलाश. दोघांनी कोर्टातले जुने दावे काढले. शिकागोच्या केनवूड अकादमीत, केली जिथे शिकला त्याच शाळेत, गायनवर्गातल्या एका मुलीशी त्याची ओळख झाली होती. तिने १९९६च्या अखेरीस दावा लावला आणि १९९८मध्ये अडीच लाख डॉलरवर तो मिटला. कागद सार्वजनिक होते, फक्त ते उघडायला कोणी गेलं नव्हतं. २१ डिसेंबर २००० रोजी बातमी आली ती या कागदांच्या आधारावर.

इथे मी राजगुरुनगरच्या कोर्टात नकलेचा अर्ज करायला शिकले. खटला कोणत्या टप्प्यावर आहे हे ई-कोर्ट्सवर दिसतं. मात्र लैंगिक गुन्ह्यांच्या एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये सगळ्या एफआयआर संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, तेव्हा संवेदनशील गुन्हे वगळले होते, आणि ते योग्यच आहे. मग उरतात साधे कागद : क्लासची पावती, शाळेला दिलेला अर्ज, कार्यक्रमाची सुपारी ठरल्याचा करार. सगळ्यात कामाला आले फ्लेक्स. या पट्ट्यात प्रत्येक कार्यक्रमाचा फ्लेक्स लागतो आणि त्याचा फोटो फेसबुकवर जातो. अमुक तारखेला अमुक गावात कोण कोण स्टेजवर होतं, हे कार्यकर्त्यांनीच जपून ठेवलेलं असतं. मुलीने सांगितलेली रात्र आणि फ्लेक्सवरची तारीख जुळली, तेव्हा आमच्या वकिलांनी पहिल्यांदा मान हलवली.

कागद नसले तर काय होतं हेही पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबईत सोना मोहापात्रा, श्वेता पंडित या गायिकांनी संगीतकार अनु मलिक यांच्यावर जाहीर आरोप केले. मलिक यांनी ते नाकारले. ‘इंडियन आयडॉल’च्या परीक्षकपदावरून ते बाजूला झाले, पुढच्या वर्षी परतले, पुन्हा बाजूला झाले. जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने पुरेसा पुरावा पुढे न आल्याने प्रकरण बंद केलं. बोलणाऱ्या बायकांचं म्हणणं कोणी शेवटपर्यंत तपासलं नाही आणि ज्यांच्यावर आरोप झाले त्यांनाही स्वच्छ निवाडा मिळाला नाही. आठवडाभर चर्चा करून पुढच्या विषयाकडे वळणाऱ्या माध्यमांनी यातली आपली जबाबदारी मोजायला हवी.

४. मूल असेल तर पोलीस आधी, बातमी नंतर.

यात दुमत नाही. पॉक्सो कायदा २०१२चा. त्याच्या कलम १९नुसार मुलावर अत्याचार झाल्याचं कळलेल्या कोणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २० तर माध्यमांचं नाव घेऊन सांगतं, की मुलाच्या लैंगिक शोषणाचं साहित्य हाती आलं तर ते पोलिसांना कळवा. न कळवणं हा गुन्हा आहे.

फेब्रुवारी २००२मध्ये डेरोगॅटिसकडे अशाच साहित्याची एक व्हिडिओ टेप निनावी आली. वर्तमानपत्राने ती पोलिसांच्या हवाली केली. बातमी आली ८ फेब्रुवारीला. त्याच दिवशी केली सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात गात होता.

आमच्या भागात क्लिप आली की “ताई, बघा, पुरावा” म्हणून चार ग्रुपवर जाते. पुरावा म्हणून पाठवली तरी ती मुलाची क्लिप पुढे ढकलणं हा गुन्हाच, आणि त्या मुलीवर नव्याने केलेला अत्याचारही. मी सांगते : उघडू नका, पुढे पाठवू नका, फोन घेऊन थेट पोलीस ठाण्यात चला. ठाण्याची भीती वाटत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर बोला.

५. नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली, असं नाही.

पीडितेचं नाव छापू नये हे प्रत्येक वार्ताहराला पाठ असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पॉक्सोचं कलम २३ तेच सांगतात. पण निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्यापुढची गोष्ट सांगितली : जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही माहिती द्यायची नाही.

मोठ्या शहरात “मराठवाड्यातून आलेल्या कामगाराची मुलगी” लिहिलं तर ती लाखांत हरवते. निघोजे, कुरुळी, मोई अशा गावांत तेवढ्यावरून खोली नंबरासकट घर सापडतं. वडील कोणत्या कंपनीत, शिफ्ट कोणती, मुलगी कितवीत, काय वाजवते, यातलं एकही नको. माझ्या बातमीत एवढं गाळल्यावर डेस्कवरून विचारणा झाली, “मग यात उरलं काय?” उरला तो आरोपीचा वावर, त्याची पद्धत आणि लोकांचं गप्प बसणं. बातमी तीच होती.

आणखी एक. मुलीशी बोलताना सोबत तिने निवडलेलं माणूस हवं. तिचं बोलणं एकदाच नीट ऐकायचं आणि तिच्या परवानगीने नोंदवायचं. प्रत्येक चॅनलला तीच कहाणी नव्याने ऐकवायला लावणं हा छळ आहे.

६. एक माणूस इतकं एकटा करू शकत नाही.

सप्टेंबर २०२१मध्ये ब्रुकलिनच्या संघराज्य न्यायालयात केली दोषी ठरला, तो संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की व्यवस्थापक, अंगरक्षक, ड्रायव्हर, मदतनीस मिळून एक यंत्रणा झाली होती आणि मुली आणणं, ठेवणं, गप्प करणं हे तिच्यातून चालत होतं.

हे वाचल्यावर माझी प्रश्नांची यादीच बदलली. मुलींना स्टेजवर संधी द्यायचा निरोप कोण आणायचं? उशीर झाला की घरी सोडायला कोणाची गाडी? पालक चिडले तेव्हा समजूत घालायला कोण गेलं? पैसे कोणी देऊ केले? “गाव बदनाम होईल” हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं? बाउन्सर आणि ड्रायव्हर कमी पगारावर जास्त पाहतात. त्यांच्याशी मान राखून बोललं, की आयोजकांपेक्षा तेच जास्त सांगतात. त्यांच्याही घरी मुली असतात.

७. विद्येला नमस्कार, पण खोलीचं दार उघडं हवं.

केलीच्या जाळ्यातल्या कितीतरी मुलींना गायिका व्हायचं होतं. आपल्याकडे त्यात गुरू या नात्याचं वजन वाढतं. गुरू घरात ठेवून घेतो, जेवू घालतो, शिष्या त्याच्या पाया पडते. “गुरुजींबद्दल असं बोलू नये” हे घरचेच सांगतात. सप्टेंबर २०२०मध्ये भोपाळच्या ध्रुपद संस्थानातल्या विद्यार्थिनींनी गुंदेचा बंधूंवर आरोप केले, तेव्हा शास्त्रीय संगीताचं जग हादरलं. रमाकांत गुंदेचा त्याआधीच, नोव्हेंबर २०१९मध्ये वारले होते. उमाकांत आणि अखिलेश यांनी आरोप नाकारले. त्या निमित्ताने एक प्रश्न उघडपणे विचारला गेला : गुरुकुलात तक्रार करायची तरी कोणाकडे?

आम्हाला तो प्रश्न दूरचा नाही. शेजारच्या आळंदीत लहान मुलं कीर्तन, मृदंग, गायन शिकायला राहतात. तिथल्या काही खासगी संस्थांमध्ये मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. बहुसंख्य संस्था निष्ठेने शिकवतात, हे खरंच. म्हणूनच त्यांनी तपासणीला पहिल्यांदा पुढे यावं.

उत्तर कायद्यात आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार जिथे दहा किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे अंतर्गत समिती हवी. मोठ्या कंपन्यांच्या भिंतींवर समितीची नावं लावलेली दिसतात. ऑर्केस्ट्रा पार्टीत किंवा क्लासमध्ये दहा माणसं नसतात आणि तक्रार बहुधा मालकाविरुद्धच असते. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. ही समिती आहे हेच या पट्ट्यातल्या गाणाऱ्या, नाचणाऱ्या बायकांना कोणी सांगितलेलं नाही.

८. छापणाऱ्याचा हात कोण धरतो, ते आधीच बघून ठेवा.

तालुक्याच्या वार्ताहराला बातमीसोबत जाहिरातही आणावी लागते. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच कार्यक्रमाची अर्ध्या पानाची जाहिरात शेजारच्या पानावर असू शकते. शुभेच्छुकांत सरपंचापासून नगरसेवकापर्यंत सगळे. “थोडं थांबू” हे शब्द मी ऐकलेत. थांबलेली बातमी कधी कधी कायमची थांबते.

अमेरिकेतही काही वेगळं नव्हतं. केलीने मुलींना डांबून ठेवल्याच्या पालकांच्या तक्रारीची डेरोगॅटिसची बातमी छापायला एकापाठोपाठ एक संस्था कचरल्या. शेवटी जुलै २०१७मध्ये ती बझफीड न्यूजने दिली.

या भीतीवर शिस्त हाच इलाज. आरोपीला प्रश्न लेखी पाठवायचे, उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा, आलेलं उत्तर काटछाट न करता छापायचं. प्रत्येक वाक्याखाली कोणता कागद, कोणता साक्षीदार, हे समासात लिहून वकिलाला दाखवायचं. बदनामीचा गुन्हा आता न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे आणि धमकी म्हणून तो सर्रास वापरला जातो. अशा नोटिशी आल्या की मी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्याचा निकाल आठवते. १७ फेब्रुवारी २०२१ला दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडताना म्हटलं, की स्त्रीला आपलं गाऱ्हाणं अनेक दशकांनंतरही आणि तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडण्याचा हक्क आहे.

९. निकालाने काम संपत नाही, कोणत्याही बाजूने लागो.

टेपच्या खटल्यात जून २००८मध्ये केली सगळ्या १४ आरोपांतून सुटला. टेपमधली मुलगी साक्षीला आलीच नव्हती. बाहेर चाहते नाचले. अनेक संपादकांच्या लेखी विषय मिटला. ऑगस्ट २०२२मध्ये, दुसऱ्या खटल्यात, तीच मुलगी मोठी बाई होऊन साक्षीला उभी राहिली आणि टेपमध्ये आपणच होतो असं तिने सांगितलं. त्या खटल्यातही केली काही आरोपांवर दोषी ठरला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये आणखी वीस वर्षांची शिक्षा झाली, बरीचशी आधीच्या शिक्षेसोबतच भोगायची.

हा संथपणा आपल्याही ओळखीचा आहे. अजमेरमध्ये १९९२ साली शाळा-कॉलेजच्या मुलींचं फोटोंच्या धाकाने लैंगिक शोषण करणारी टोळी ‘दैनिक नवज्योती’ने उघड केली. पत्रकार होते संतोष गुप्ता, आरोपी होते वजनदार घरांतले. पहिल्या बातमीने काही हललं नाही. पुढच्या बातमीसोबत धूसर केलेले फोटो आले तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं. आणखी सहा आरोपींना जन्मठेप झाली ऑगस्ट २०२४मध्ये. तोवर मुलींचं निम्मं आयुष्य तारखांमध्ये गेलं होतं.

याचे दोन अर्थ. सुटला म्हणून तक्रारदार खोटी ठरत नाही. आणि निकाल लागेपर्यंत माझ्या लेखी तो ‘आरोपी’च राहतो, ‘नराधम’ होत नाही. तसली विशेषणं आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा पुरवतात.

१०. तिचं गाणं सुटणार नाही हे पाहा.

हे कुठल्याच पत्रकारितेच्या पुस्तकात मला सापडलं नाही. बातमी आल्यावर आरोपीचे कार्यक्रम काही महिने थांबतात, मुलीचं गाणं मात्र त्याच दिवशी थांबतं. क्लास बंद, घरात रेडिओही बंद, वर टोमणा : “गाण्याच्या नादानेच हे झालं.” म्हणजे शिक्षा आधी तिलाच.

म्हणून पाठपुराव्याच्या फोनमध्ये मी तारखांसोबत हेही विचारते. या पट्ट्यात मुलींना शिकवणाऱ्या चांगल्या शिक्षिका आहेत; ओळख करून देते, एखादी शिक्षिका फी सोडते. पहिले काही दिवस आई सोबत बसते. कोणी पुन्हा पेटी उघडते. कोणाला सूरच नकोसा होतो, आणि तेही चालेल. मात्र सोडायचं की धरायचं, हे तिने ठरवायचं. ते त्याच्यामुळे किंवा माझ्या बातमीमुळे ठरता कामा नये.